यंत्रवार्ता आणि यंत्रपंडित

या वार्षिकाच्या चालकांनीं यंदा आमच्याकडे लेखाची मागणी केली तेव्हां विषयहि त्यांनींच सुचविला होता : 'नवीन शोध आणि विद्यार्थी.' विषय भारदस्त आहे. आणि वाफ, वीज, विमान या क्रमानें त्यावर चार पृष्ठें भरून काढणें आम्हांस अवघड नव्हतें. वीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिलेल्या माणसास पृष्ठें भरण्याची विद्या साधलेलीच असते. परंतु लिहावयास बसलों आणि लेखणी त्या वाटेनें जाईना. मनांत एक जुनी टोचणी होती, ती वारंवार आडवी येऊं लागली. तेव्हां चालकांची क्षमा मागून आम्ही त्या टोचणीविषयींच लिहीत आहों.

प्रथम आमचें एक व्यसन कबूल केलें पाहिजे. आम्हांस यंत्रवार्ता वाचण्याचा फार नाद आहे. रात्रीं जेवण व कुटुंबप्रार्थना आटोपली, उद्यांच्या पाठाची तयारी झाली, म्हणजे कोणी कादंबरी हातीं घेतो, कोणी क्रिकेटचा सामना पाहतो; आम्ही मात्र संगणक, मोबाइल, कृत्रिम बुद्धि यांच्या जगांत आज काय घडलें तें चाळीत बसतों. "आतां दिवा मालवा" असा हुकूम आंतून दोनदां सुटल्यावांचून आम्ही उठत नाहीं. या नादास आतां पंधरा वर्षें होतील. इतक्या वाचनानें माणूस शहाणा होतो असें आमचें म्हणणें नाहीं. पण वार्तांची जात मात्र ओळखूं येऊं लागते.

पुष्कळशी यंत्रवार्ता ही वार्ता नसून दवंडी असते. अमुक यंत्र निघालें, आतां जग पूर्वीसारखें राहणार नाहीं, असा तिचा ठरलेला घोष. २००१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंत डीन केमन या संशोधकानें दोन चाकांवर आपला तोल आपणच सांभाळणारी 'सेग्वे' नांवाची गाडी पुढें आणली, तेव्हां यापुढें शहरेंच या गाडीस अनुसरून बांधलीं जातील असें बोललें गेलें. शहरें होतीं तशींच राहिलीं, आणि २०२० सालीं ती गाडी करणें बंद झालें. २०१६ सालीं जेफ्री हिंटन या थोर पंडितानें असें मत दिलें कीं, क्ष-किरणांचीं चित्रें वाचणारे डॉक्टर तयार करणें आतां थांबवावें. पांच वर्षांत यंत्र तें काम त्यांच्याहून बरें करील. पांच वर्षें गेलीं, त्यांवर आणखीहि गेलीं. त्या डॉक्टरांस अजून कोणीं घरीं बसविलेलें नाहीं. हिंटन यांस २०२४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. शोध लावण्याची बुद्धि निराळी आणि भविष्य सांगण्याची निराळी, इतकेंच आम्हांस म्हणावयाचें आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आलें तेव्हां आमच्या शिक्षकांच्या खोलींत सुतक पडल्यासारखें झालें होतें. "आतां आपली गरज सरली," असें एक सहकारी म्हणाले. तेच सहकारी परवां सत्तर वह्यांचा गठ्ठा बगलेंत मारून घरीं जातांना दिसले. मुलांच्या निबंधांत मात्र फरक पडला आहे हें खरें. ज्यास 'पाऊस' हा शब्द ऱ्हस्वदीर्घ सांभाळून लिहितां येत नाहीं त्याच्या निबंधांत एकाएकीं 'पर्जन्यमानाचे बहुआयामी परिणाम' अवतरूं लागले, म्हणजे तो पाऊस कोणत्या ढगांतून पडला हें ओळखण्यास शिक्षकास फार शिकावें लागत नाहीं.

दुसरी जात संकटवार्तेची. १९ जुलै २०२४ रोजीं 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीनें धाडलेल्या एका सदोष फाइलीमुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लक्ष संगणक एकदम बंद पडले. गंमत अशी कीं ती फाइल संगणकांच्या संरक्षणासाठींच धाडलेली होती. जगभर विमानें खोळंबलीं, आणि आपल्याकडेहि कांहीं उतारूंस विमानाचे परवाने हातानें लिहून द्यावे लागले. त्यांपैकीं एका परवान्याचें चित्र आम्हीं वर्गांत दाखविलें आणि शुद्धलेखनाचा तास अगदींच निरुपयोगी नाहीं याची मुलांस आठवण दिली. मुलांनीं अक्षर तपासून पाहिलें व "सर, हें आमच्यापेक्षां वाईट आहे," असा निकाल दिला.

दवंडींत काय आणि संकटांत काय, यंत्र चालतें कसें हें सांगणारा विरळा. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं 'दिग्दर्शन' मासिक काढलें, आणि १८४२ सालीं अमेरिकन मिशनानें अहमदनगरास, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, 'ज्ञानोदय' सुरू केला. त्या काळच्या वाचकास नवीन शास्त्रांतलें फारसें कांहीं ठाऊक नसे, आणि ठाऊक नाहीं म्हणून त्यानें लाजावें अशीहि कोणाची अपेक्षा नसे. सांगणाऱ्यानें सांगावें, ऐकणाऱ्यानें विचारावें, असा तो सरळ व्यवहार होता. 'ज्ञानोदया'च्या पृष्ठांवर धर्मविषयक वाद कडाक्याचे होत हें आम्ही लपवीत नाहीं. पण धूमकेतु कसा दिसतो असें विचारणाऱ्यास "हें तुला अजून ठाऊक नाहीं?" असें म्हणून हांकून लावणें, हा प्रकार आमच्या समजुतीप्रमाणें पुढच्या काळाचा आहे. आणि येथूनच आमच्या टोचणीस आरंभ होतो.

आमच्या शहरांत यंत्रप्रेमी लोकांचें एक मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं संध्याकाळीं ते एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जमतात. त्यांत कारखान्यांतील इंजिनिअर आहेत, महाविद्यालयाचे तरुण आहेत, दूरध्वनि खात्यांतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. मंडळाचें नांव आम्ही देत नाहीं. तें देण्याचें प्रयोजनहि नाहीं. २०१८ सालीं एका पालकाच्या ओळखीनें आम्ही तेथें प्रथम गेलों तेव्हां आमचा आनंद पोटांत मावेना. ज्या वार्ता आम्ही एकटेच रात्रीं चोरून वाचीत असूं, त्यांवर बोलणारीं तीस माणसें एका खोलींत भेटलीं! त्यांच्या उपकारांविषयीं गप्प राहिलों तर तो कृतघ्नपणा होईल. एका कचेरीनें टाकून दिलेले सहा संगणक त्यांतील दोघा तरुणांनीं दोन रविवार खपून दुरुस्त केले, त्यांवर 'लिनक्स' नांवाची फुकट मिळणारी कार्यप्रणाली चढविली आणि आमच्या शाळेस दिले. ते सहाहि संगणक आज चालू आहेत. चहासुद्धां त्यांनीं घरचा आणला होता.

मग बिघडलें कोठें? एकदम बिघडलें नाहीं. हळूहळू आमच्या ध्यानांत येऊं लागलें कीं, येथें वार्ता समजून घेण्यापेक्षां ती पहिल्यानें कोणास कळली यास मान अधिक. कोणीं कांहीं सांगूं लागलें कीं, "ती जुनी गोष्ट झाली," असा आवाज मागून येई. जुनी म्हणजे परवांची. कोणीं कांहीं विचारलें कीं, "आधीं वाचून या." लिनक्सचा कोणता संच चांगला यावर दोन तट पडले होते, आणि मजकूर लिहिण्याची कोणती आज्ञावली श्रेष्ठ यावर तर तीन. आमच्या लोकांत एके काळीं बाप्तिस्मा बुडवून द्यावा कीं शिंपडून द्यावा यावर जे वाद होत ते आम्हीं लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत. तो आवेश आम्हांस येथें जसाच्या तसा पुन्हां भेटला. फरक इतकाच कीं, त्या वादांत दोन्ही पक्षांस निदान तारणाची चिंता होती.

तरी आम्ही जात राहिलों. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आम्हांसहि ती भाषा येऊं लागली होती. कोणत्या नांवास नाक मुरडावें, कोणत्या बातमीवर मंद हसावें, हें आम्ही शिकलों. सामान्य मराठी शिक्षक असूनहि हे इंजिनिअर लोक आपणांस आपल्यांतला समजतात, याचें एक सूक्ष्म सुख आम्हांस होत असे.

२०२३ च्या डिसेंबरांत आम्हीं आपल्याबरोबर दहावींतला एक मुलगा नेला. तो आमच्या बोर्डिंगांत राहणारा, घरची गरिबी, पण शाळेचे ते सहा संगणक बिघडले कीं प्रथम त्यासच हांक मारावी लागे. जिना चढतांना त्यानें सदऱ्याचीं बटनें दोनदां तपासलीं. सभेंत फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींच्या थोरवीवर कोणी बोलत होतें : जगाचा केवढा मोठा व्यवहार त्यांवर चालतो, मोठमोठ्या कंपन्या त्या कशा वापरतात, इत्यादि. "कोणास कांहीं विचारावयाचें आहे काय?" असें म्हणतांच आमचा मुलगा उभा राहिला. वर्गांत उभें राहतात तसा, हात बाजूस सरळ धरून. म्हणाला, "सर, हें फुकट देतात म्हणतां, मग तें करणाऱ्याचें घर कोण चालवितो?"

खोलींत हंशा पिकला. "अरे, किराणा घ्यायला आलास काय?" असें एक जण म्हणाला. दुसऱ्यानें नेहमींचें सांगितलें : "आधीं वाचून ये." मुलानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही हंसत होतों. मोठ्यानें नव्हे, पण हंसत होतों. "बस खालीं, मग सांगतों," असें आम्हीं म्हटलें. तो बसला. परत येतांना वाटेंत तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हींहि सांगितलें नाहीं, कारण त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांसहि धड ठाऊक नव्हतें. पुढल्या महिन्यांत त्यास विचारलें तेव्हां "अभ्यास आहे, सर," एवढेंच म्हणाला. परीक्षा जवळ आली होती. आम्हांस तें कारण सोयीचें वाटलें.

वास्तविक उत्तर शोधण्यास फार दूर जावयाचें नव्हतें. २०१४ सालच्या एप्रिलांत 'हार्टब्लीड' नांवाचा एक दोष उघडकीस आला होता. आपण पेढीचा व्यवहार करतों, गुप्त शब्द घालतों, तो मजकूर वाटेंत कोणास वाचतां येऊं नये म्हणून तो कुलूपबंद करणारी 'ओपनएसएसएल' नांवाची एक आज्ञावली आहे. तींत हें छिद्र होतें, आणि तें दोन वर्षें कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. तेव्हां चौकशी झाली ती अशी : अर्ध्या जगाचें कुलूप सांभाळणारीं माणसें बोटांवर मोजण्यासारखीं, आणि त्या कामास देणगी म्हणून वर्षाकांठीं येत सुमारें दोन हजार डॉलर. मग मोठ्या कंपन्यांनीं वर्गणी काढली. ही सारी हकीकत आम्हीं वाचलेली होती. मुलाच्या प्रश्नाशीं तिचा संबंध आहे हें मात्र त्या संध्याकाळीं सुचलें नाहीं. हंसणाऱ्यास सहसा सुचत नाहीं.

आतां २०२४ च्या मार्चकडे येऊं. त्या वर्षीं २९ मार्च हा उत्तम शुक्रवार होता. दुपारची तीन तासांची उपासना झाली, संध्याकाळ शांततेंत गेली, आणि त्या रात्रीं आम्हीं नेम म्हणून कांहीं वाचलें नाहीं. शनिवारीं सकाळीं पाहतों तों यंत्रजगांत हलकल्लोळ माजलेला. ही वार्ता थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण इतकी विलक्षण वार्ता आमच्या पंधरा वर्षांच्या वाचनांत दुसरी नाहीं.

'एक्सझेड' नांवाची एक लहानशी आज्ञावली आहे. प्रवासास निघतांना आपण अंथरूण-पांघरूण दाबून वळकटी बांधतों, तशी ती मोठ्या फाइलींची वळकटी बांधते आणि हवी तेव्हां उलगडून देते. काम साधें, पण लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सगळ्या संगणकांत ती असतेच. फिनलंड देशांतील लासे कॉलिन या गृहस्थांनीं ती पंधरा-एक वर्षें बहुतेक एकट्यानें, एक पैसा न घेतां, आपल्या फावल्या वेळांत सांभाळली. २०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' या नांवाची कोणी व्यक्ति त्यांस लहानसहान दुरुस्त्या धाडूं लागली. दुरुस्त्या चांगल्या होत्या. पुढें २०२२ सालीं दुसऱ्याच कांहीं नांवांनीं कॉलिन यांस जाहीर पत्रें येऊं लागलीं : काम फार मंद चाललें आहे, दुरुस्त्या पडून आहेत, तुम्हांस झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हातीं द्या. त्यांवर कॉलिन यांनीं दिलेलें उत्तर उपलब्ध आहे. आपणांस दीर्घकाळ मानसिक अस्वास्थ्याचा त्रास आहे, त्यामुळें पूर्वीइतकें काम होत नाहीं, आणि हें बिनमोबदल्याचें, हौसेचें काम आहे हें ध्यानांत ठेवावें, असा त्याचा आशय. तरी पत्रांचा सूर बदलला नाहीं. शेवटीं थकलेल्या माणसानें मदतीस धांवून आलेल्या त्या जिया टॅनच्या हातीं हळूहळू किल्ल्या दिल्या.

दोन वर्षांहून अधिक काळ त्या व्यक्तीनें निमूट सेवा केली, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चांत, ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, एक चोरदरवाजा बसविला. तो उघड लिहिलेल्या मजकुरांत नव्हताच. चांचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या, माणसास वाचतां न येणाऱ्या फाइलींच्या पोटांत तो दडविला होता. दूरच्या संगणकांत शिरण्याचें 'एसएसएच' नांवाचें जें कुलूप आहे, त्याशीं कांहीं लिनक्स-संचांत ही वळकटीची आज्ञावली आडमार्गानें जोडलेली होती. तेव्हां ज्याच्याजवळ गुप्त किल्ली त्यास त्या संगणकांवर वाटेल तो हुकूम चालवितां आला असता. सुदैवानें त्या आवृत्त्या लोकांच्या नित्याच्या संचांत पोंचल्या नव्हत्या. चांचणीच्या संचांत मात्र शिरल्या होत्या. आणखी कांहीं महिने गेले असते तर काय झालें असतें याचा विचार आपण न केलेला बरा.

तें उघडकीस कसें आलें? सरकारी खात्यामुळें नव्हे, कीं मोठ्या सुरक्षा-कंपनीमुळें नव्हे. मायक्रोसॉफ्टमध्यें काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड नांवाचे एक इंजिनिअर आपल्या निराळ्याच कामासाठीं कांहीं मोजमाप करीत होते. त्यांस असें दिसलें कीं, संगणकांत शिरण्यास पूर्वीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्धा सेकंद! आमच्या वर्गांत मुलें हजेरीस 'उपस्थित' म्हणतात तेवढाहि वेळ नाहीं. दुसऱ्या कोणीं तें सोडून दिलें असतें. त्यांनीं सोडलें नाहीं. दोरा धरून ते मुळापर्यंत गेले, आणि त्या शुक्रवारीं त्यांनीं जगास सांगितलें. तो जिया टॅन कोण होता, एक माणूस होता कीं अनेक, हें अजूनहि कळलेलें नाहीं.

शेतांत रात्रीं येऊन गव्हांत निदण पेरणाऱ्या शत्रूचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. पण त्या दाखल्यांतील शत्रूहि पेरून निघून गेला; दोन वर्षें त्याच शेतांत खुरपणी करीत राहिला नाहीं.

आम्हांस मात्र या प्रकरणांत चोरदरवाजापेक्षांहि त्या कठोर पत्रांनीं अधिक अस्वस्थ केलें. तीं लिहिणारीं नांवेंहि बनावट असावींत, कटाचाच भाग असावींत, असें पुष्कळ जाणत्यांस वाटतें. पण त्या वेळीं त्यांचा संशय कोणास आला नाहीं. कां? कारण त्या जगांत फुकट काम करणाऱ्यास असेंच बोलण्याची रीत आहे. जेथें सभ्यपणा हीच चाल, तेथें उद्धट पत्र आलें कीं चारचौघे चमकून पाहतात. जेथें उद्धटपणा हीच चाल, तेथें चोरास निराळें सोंग घ्यावें लागत नाहीं. तो घरच्यांसारखाच बोलतो. हें मनांत येतांच आम्हांस त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीची आठवण झाली, आणि हात सरळ धरून उभ्या राहिलेल्या मुलाची.

१३ एप्रिलच्या शनिवारीं आम्ही मंडळांत गेलों. अर्थात् विषय हाच होता. फ्रॉइंड यांची स्तुति झाली. ती व्हावयासच हवी होती. मग कॉलिन यांवर गाडी घसरली. अनोळखी माणसाच्या हातीं किल्ल्या देणारा मूर्ख. आम्ही असतों तर पहिल्या दिवशींच ओळखलें असतें. इतका मनाचा दुबळा माणूस असेल तर त्यानें असलें काम घ्यावेंच कशाला? हें शेवटचें वाक्य त्या वयोवृद्ध गृहस्थांचें, ज्यांस आम्ही मान देत आलों होतों. आम्ही उभे राहिलों. आवाज कांपत होता. म्हटलें, "डिसेंबरांत या खोलींत एका मुलानें विचारलें होतें, हें करणाऱ्याचें घर कोण चालवितो. तुम्ही हंसलांत. फिनलंडांतल्या त्या माणसानें दोन वर्षांपूर्वींच तेंच लिहून ठेवलें होतें. तेंहि कोणीं ऐकलें नाहीं." एक तरुण नम्रपणें म्हणाला, "सर, तो प्रश्न निराळा होता." अध्यक्ष म्हणाले, "विषय सोडून बोलूं नये." त्यावर आम्ही जें बोललों तें शाळेच्या वार्षिकांत छापण्याजोगें नाहीं, आणि चर्चच्या पंचांत बसणाऱ्या माणसाच्या तोंडीं शोभणारेंहि नाहीं. छत्री तेथेंच विसरून आम्ही जिना उतरलों.

घरीं येऊन सारी हकीकत मोठ्या आवेशानें सांगितली. ती ऐकून घेतल्यावर आमच्या मंडळींनीं एवढेंच विचारलें, "मंडळास इतकें बोललांत, त्या मुलास काय बोललांत?"

कांहींच बोललों नव्हतों. चार महिने तो आमच्याच आवारांत राहत होता, रोज दिसत होता. परीक्षा देऊन तो मार्चअखेर बोर्डिंग सोडून गेला तेव्हां आम्हीं त्याच्या पाठीवर थाप मारून "पत्ता कळव" म्हटलें होतें, इतकेंच.

त्याचा पत्ता बोर्डिंगच्या वहींतून काढावा लागला. जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत, शाळा उघडण्यापूर्वीं, दोन एस्. टी. बदलून आम्ही त्या तालुक्याच्या गांवीं गेलों. निकाल लागला होता आणि तो चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाला होता, आय. टी. आय. मध्यें प्रवेश मिळेपर्यंत मामाच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानांत काम करीत होता. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तेथें ओळीनें पडल्या होत्या. तो एका कॉइलवर तांब्याची तार गुंडाळीत होता आणि ओठ न हलवितां वेढे मोजीत होता, म्हणून आम्ही वेढे पुरे होईपर्यंत दारांतच उभे राहिलों. मग त्यानें स्टूल पुसून दिलें, मामांनीं चहा मागविला.

आम्हीं त्यास सारी गोष्ट सांगितली : ती वळकटी, तीं पत्रें, चोरदरवाजा, सगळें. तो तार हातांत तशीच धरून ऐकत होता. मध्येंच म्हणाला, "अर्धा सेकंद त्यांना कळला कसा, सर?" आम्ही मोजमापाचें सांगूं लागलों तोंच तो मामांकडे पाहून म्हणाला, "मोटारीचा आवाज बदलला कीं मामांना रस्त्यावरून कळतें. तसेंच असेल." आमच्या विवेचनापेक्षां तें बरें होतें.

मग आम्हीं म्हटलें कीं, त्या दिवशीं तूं विचारलेला प्रश्न बरोबर होता. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. नंतर खालीं पाहून म्हणाला, "तुम्हीहि हंसलां होतां, सर."

"होय," आम्ही म्हटलें. "हंसलों होतों. चूक झाली."

मामा उगाच उठून एक मोटार इकडची तिकडे सरकवूं लागले. मुलानें यावर "असूं द्या, सर" वगैरे कांहीं म्हटलें नाहीं, आणि त्यानें तसें म्हणावें अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकारहि नव्हता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "मग त्या फिनलंडच्या माणसाचें काय झालें?" आम्हीं सांगितलें कीं, त्यांनीं काम पुन्हां आपल्या हातीं घेतलें, तो चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ति त्यांनीं नुकतीच, मेअखेरीस, प्रसिद्ध केली. "अजून फुकटच?" "अजून फुकटच."

"त्यांना पत्र धाडतां येईल?"

येईल, असें आम्हीं म्हटलें. त्यानें मामांच्या पावतीपुस्तकांतला एक कागद मागून घेतला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूस इंग्रजींत पत्राचा मसुदा लिहूं लागला. चार ओळी लिहावयास त्यास अर्धा तास लागला. आमच्या शाळेंत सहा संगणक आहेत, त्यांवर तुमची आज्ञावली चालते, मी ते सांभाळीत होतों, आपला आभारी आहें, एवढाच मजकूर. एका शब्दांत अक्षराची चूक होती, ती आम्हीं दाखविली. बाकीच्यास हात लावला नाहीं. "आणखी काय मागावें, सर?" असें त्यानें विचारलें. कांहीं मागूं नये, असें आम्ही म्हटलें. त्यानें जरा विचार केला, आणि आपल्या नांवाखालीं 'मोटार-वाइंडिंग' असें लिहून तें खोडलें. मग मामांकडे पाहून पुन्हां लिहिलें. आमची परतीची एस्. टी. साडेपांचाची होती. तो स्टँडपर्यंत पोंचवावयास आला आणि वाटेंत त्यानें विचारलें, शाळेंतला तिसऱ्या नंबरचा संगणक अजून मध्येंच आवाज करतो काय. करतो, असें आम्हीं सांगितलें. "पंखा आहे त्याचा," तो म्हणाला, "आलों कीं बघतों."